आठ वाजताचा आकडा

पेन्सिलच वापरायची, ड्वेनने पहिल्याच दिवशी बजावलं,
शाई पावसात पळते.
बाकीचं त्याने सांगितलं नाही, करून दाखवलं:
नदीत आडवे रोवलेले अ‍ॅल्युमिनियमचे गज,
त्यांत अडकलेलं गवत, पानं, एकदा कुणाचा तरी बूट,
सगळं हाताने उपसायचं, दिवसातून तीनदा,
नाहीतर पाणी तुंबतं आणि अख्खं कुंपण झोपतं.
माझ्या रबरी पँटला डाव्या गुडघ्यावर ठिगळ आहे,
माझ्या आधीच्या मुलाने लावलेलं. कदाचित त्याच्याही आधीच्याने.
गुडघा जूनपासून ओलाच.

माप घ्यायचं ते डोळ्याच्या मध्यापासून
शेपटीच्या बेचक्यापर्यंत.
नाकापासून नाही. नाकाचा भरवसा नाही.
विणीला निघालेल्या नराचं नाक वाढतं,
वळतं, आकड्यासारखं होतं.
डोळा तेवढा जागच्या जागी राहतो.
मग डाव्या कुशीवरचे तीन खवले
चिमट्याने उचलून डिंकाच्या कार्डावर.
उपासाच्या महिन्यांत वलयं दाट पडतात, म्हणे.
समुद्रातले चार हिवाळे
माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या चकतीत.
नंतर दोन्ही हातांनी धरायचं, तोंड प्रवाहाकडे करून,
तो स्वतः सुटून जाईपर्यंत.
अंगठ्याखाली काउंटर. टिक.

अलास्कात जुलैमध्ये रात्र नावापुरती.
दोन ते सहा माझी पाळी.
तळाशी अंथरलेल्या पांढऱ्या पत्र्यावरून
सावली सरकली, तर मासा.
डास मोजायला सांगितले असते
तर एव्हाना ड्वेनला बढती मिळाली असती.
समोरच्या काठावर अस्वल बसून असतं,
माझ्यासारखंच पाण्यात डोळे घालून,
फक्त बिनपगारी.

वासिलीमामाचा तळ इथून वीस मैल खाली.
मासे वाळत घालायचे त्याचे खांब त्याच्या बापाने रोवलेले.
यंदा त्यांवर पोरांचे मोजे वाळतायत.
जाळं घडी करून होडीत पडलंय,
कारण कचेरीचा निरोप आहे: आकडा वाढेपर्यंत थांबा.
आकडा म्हणजे मी.
सकाळी आठला तो मी रेडिओवर सांगते,
बेथेलच्या कचेरीला सांगते खरं तर,
पण त्या वेळी नदीकाठच्या प्रत्येक स्वयंपाकघरात
चमचा कपात थांबतो.

शाळेत बेरजेला हातचा घ्यायला शिकवलं होतं.
इथे हातचा चालत नाही.

आज पहाटे एक किंग सॅमन आला. केवढा थोरला.
गजांना नाक लावून उभा राहिला.
दार उघडं होतं, हातभर डावीकडे.
मी श्वास धरून. अंगठा बटणावर.
खरं सांगते, अंगठ्याला वाटलं दाबावं.
एकदाच. कोण बघतंय,
अस्वल?
तो वळला आणि खालच्या डोहात उतरून गेला.
येऊन न शिरलेल्या माशासाठी
फॉर्मवर रकाना नाही.
मी समासात लिहिलं: एक, परत गेला.
ड्वेनने वाचलं. खोडलं नाही.

आठ वाजता माइक दाबला.
किंग चार, मी म्हणाले. चम एकोणीस.
काल किंग सहा होते, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.
रेडिओत नुसती खरखर.
मी तीही मोजत बसले, सवयीने,
सात, आठ,
मग मामाचा आवाज:
'अगाफिया.'
पुन्हा खरखर.
'पायांत कोरडे मोजे घाल गं.'

मध्येच कचेरीतला माणूस घुसला,
नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा,
चार की चौदा?

चार, मी म्हणाले.
चार.