शेवटचा थांबा

देगूत रात्री दहाला क्लासचे दिवे
घालवावे लागतात, तसा नियमच आहे.
चौथ्या मजल्यावरून पोरं उतरतात,
आधी दप्तरं, मागून माणसं.

माझी पिवळी गाडी, सोळा सीटा.
चेहरे नाही, मला थांबे पाठ:
बेकरी, चर्च, एकशे सात नंबरची इमारत.

दा-ओन एकशे सातची.
हातात भाताचा त्रिकोण, अर्धा खाल्लेला,
मनगटावर पेनाने लिहिलेलं सूत्र
घामाने फिसकटलेलं.
घरी पावणेअकराला गणिताचे सर
स्क्रीनमध्ये येऊन बसतात.

मंगळवारी म्हणाली,
काका, मला सगळ्यात शेवटी सोडाल?
आणि उत्तर यायच्या आत
काचेला डोकं टेकून गाढ.

बाकीची उतरली. मी पूल ओलांडला, उगाच.
नदीकाठाने गेलो, खड्डे चुकवत.
पूर्वी मी अंडी वाहायचो,
तो हात अजून गेलेला नाही.

फोन वाजला. तिची आई.
‘आज उशीर?’
‘पुलावर सिग्नल बंद आहे,’ मी म्हणालो.
तीस वर्षांत रस्त्याबद्दल
पहिल्यांदा खोटं बोललो.
माझा मुलगा उल्सानला वेल्डर आहे.
पहाटे पाचला
त्याचं पांघरूण मीच ओढायचो.

एकशे सातपाशी इंजिन चालूच ठेवलं,
बंद केलं की ती जागी होते.
खाली आई उभी, अंगात अजून ऑफिसचा कोट.
काचेवर टकटक करायला हात उचलला तिने,
तसाच राहिला.
मग घड्याळ बघितलं.
मग बाजूला सरकून
माझ्या चाकापाशी पायरीवर बसली.