एकच वांगं

सकाळी खंडेराव मार्केटात एकच वांगं मागितलं
की रईबेन हातातलं माप खाली ठेवते.
"एक ज? काका, एकमां शुं थशे?"
आता तिला कसं सांगू,
या एकाची पाच करायची आहेत, कापसाची,
चिटणिसांच्या केतकीच्या रुखवतात ठेवायला.

ही कामं हिची.
दांडिया बाजारातल्या निम्म्या लग्नांत
हिची परडी मांडलेली असायची:
तोंडली, गाजरं, अर्धवट सोललेला मटार,
दाणे मोजून घ्यावेत असं कणीस.
गेल्या दिवाळीपासून हिचे हात थरथरतात.
कपात चहा टिकत नाही, सुईत दोरा कुठला.
ऑर्डर मात्र घेतली, मला न विचारता.
"जन्मभर दुसरं काय केलंत तुम्ही, गुंडाळण्याशिवाय?"

खरं आहे. एकतीस वर्षं इस्पितळात ड्रेसर होतो.
डोकी गुंडाळली, ढोपरं गुंडाळली,
उत्तरायणाला मांज्यानं कापलेली बोटं तर
संध्याकाळपर्यंत रांगेत उभी.

तरी पहिल्याच दिवशी चुकलो.
निळ्या कागदातली ओळखीची गुंडाळी घेऊन आलो,
ही पलंगावरूनच ओरडली,
"दवाखान्याचा नको! खळ पिऊन बसतो तो."
मग फतेहपुऱ्यात हबीब पिंजाऱ्याकडे.
त्यानं तासभर बसवलं आणि
धुकं द्यावं तसं काहीतरी पिशवीत भरून दिलं.

आधी तारेला चिंधी. चिंधीवर कापूस,
पदर सुटे करत, पातळ, पंखा बंद ठेवून.
मैद्याच्या खळीत बोट बुडवायचं
आणि एकाच दिशेनं फिरवायचं,
उलटं फिरलं की वांग्याच्या अंगावर काटा येतो.
"आवळू नका," ही म्हणते, "जखम नाही ती."
जखमसुद्धा आवळत नाहीत गं,
बोटं निळी पडतात.
"पडू देत की. वांगंच आहे."

भेंड्या मात्र पहिल्या फटक्यात जमल्या.
दोरीवर वाळत घातल्या, आणि पाहतो तर
अकरा बोटं खिडकीत लटकलेली.
मी जरा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

नमुना रात्री पोटात जातो.
शेवग्याची शेंग बघून झाली की आमटीत.
वांगं भाजून एवढंसं भरीत, चार घास,
त्यातले दोन मी हिला भरवतो.
चमच्यापासून तोंडापर्यंतची वाट
हिला आता फार लांब पडते.

पाचवं वांगं असं उतरलं
की मीच देठाला धरून उजेडात फिरवत बसलो.
जांभळ्याचे तीन हात, वर अंड्याच्या पांढऱ्याची चकाकी.
हिच्या ओंजळीत ठेवलं. तिथं ते हलायला लागलं.
बराच वेळ बघून म्हणाली,
"फार निरोगी आहे. भोक पाडा एक. देठाजवळ."
एकतीस वर्षं भोकं बुजवलेला माणूस मी.
दाभण शोधायला उठलो.

लग्नात, कारेलीबागेतल्या हॉलमध्ये,
मुलाकडची कुणी एक काकू रुखवतापाशी आली.
चष्मा कपाळावर, हातात पर्स.
परडीतलं वांगं उचललं,
अंगठ्यानं दाबलं, उलटं केलं,
भोक दिसलं तशी
ते बाजूला ठेवून शेजारचं घेतलं.

खुर्चीत बसून ही हसायला लागली,
इतकी, की हात कशानं हलतायत
ते कळेना.