बावीस मिनिटं

विजापूरच्या माळावर सकाळी सातच्या ठोक्याला
एकेचाळीस कबुतरं सोडली,
त्यातली नऊ दस्तगीर मामूची.
नाष्ट्याला घरी यायची पाखरं.

उत्तरेश्वर पेठेतल्या गच्चीवर
मामू मान वर करून बसलेला,
हातात ज्वारीचा डबा, खुळखुळ, खुळखुळ,
गुडघ्यावर शर्यतीचं पितळी घड्याळ:
पायातली रबरी कडी आत टाकायची, खटका दाबायचा,
वेळ कागदावर ठसते.

दोन वाजले तरी डबा वाजतोय.
पूर्वेकडं नुसतं निळं.
ससाणा म्हणावं तर एखाददुसरं जाईल,
"समदीच कशी वाट चुकत्यात गं?"

विद्यापीठाच्या माळावर, आमच्या खोलीत,
पहाटेपासून आलेखाची रेघ
ताप चढल्यागत वर-खाली होत होती.
परवा दुपारी सूर्यावरच्या एका डागाजवळ भडका उडाला.
उजेड आठ मिनिटांत पोचला.
त्याच उजेडात आई सांडगे वाळत घालत होती,
तिला काही कळलं नाही;
शिरोलीतल्या एका हौशी माणसाचा रेडिओ तेवढा
तासभर मुका झाला.
मागून निघालेलं वादळ मात्र
दीड दिवस वाट तुडवत आलं
आणि पृथ्वीच्या चुंबकाला हिसडा बसला.

मामूला सांगितलं.
कबुतराला दिशेची सुई असते म्हणतात,
असली तर ती हलली असेल.
नक्की कुणालाच ठाऊक नाही, हेही सांगितलं.
मामूनं वर बघितलं, शिंकला, डोळे पुसले.
"त्येचं काय घोडं मारलंवतं आमी?"

अंधारापर्यंत साऱ्या गावात मिळून सहा आली.
मामूचं एकही नाही.
देवळात त्या दिवशी किरणोत्सव होता;
"आज कमरेपर्यंत आली किरणं," म्हणत
माणसं भेळ खायला रंकाळ्याकडं पांगली.

आमची रेघ तिसऱ्या दिवशी सरळ झाली.
मी अहवाल लिहिला. त्यात पाखरं नव्हती.

नवव्या सकाळी मामूचा फोन. धावत गेले.
कठड्यावरून चालत येत होती निळी,
शेपटीची पिसं गेलेली, चोचीला चिखल.
शर्यतीची ढाल केव्हाच दुसऱ्या पेठेत पोचलेली.
तरी मामूनं कडी काढली,
घड्याळात टाकली,
खटका.

सात वाजून बावीस.

मामू कागदाकडं बघत राहिला
आणि कितीतरी दिवसांनी हसला.
तारीख छापायची सोय
त्या घड्याळात नाही.