पेन्सिलीने

प्रॅक्टिकलचं जर्नल आहे हे, टी.वाय.चं.
शेवटची काही पानं कोरी राहिली होती,
त्यात आमची बॅच मावली. सत्तावीस जण.
डावीकडे, जिथे ब्युरेटची आकृती काढायची,
तिथे आता गुडघे, मोतीबिंदू, नातवंडं.
उजवीकडे, रेघांवर, पत्ते.

वही तुमच्याकडेच का, जुवळेच्या मुलीनं विचारलं.
कारण काही नाही गो.
माझं आडनाव बदललं नाही, आणि घरही.
घुडेवठार, टाकीमागे, दाराशी अनंताचं झाड.
मुली लवकर सापडत नाहीत, तुला म्हणून सांगते.
हेमलता कुबल शोधायला मला अकरा वर्षं लागली.
हुबळीत सौ. शुभदा होऊन बसली होती.
फोनवर "हेमे" म्हटलं, तर
बराच वेळ पलीकडे नुसता पंखा.
मग म्हणाली,
"कोण गेलं?"

तसंच असतं. माझा फोन अवेळी वाजला की
सगळे आधी हेच विचारतात.
म्हणून हल्ली सुरुवातीलाच सांगते,
सगळे बरे आहेत, सहज केला.
आणि मग सांगते
कोण बरं नाही ते.

मोबाइलवर ग्रुप आहे, हो.
सकाळी फुलं येतात, दुपारी औषधं.
निवडणुकीच्या सुमारास मेहरुन्निसा त्यातून निघून गेली.
मी तिथे काही लिहिलं नाही.
रिक्षा केली, राजिवड्याला गेले,
तिच्या ओटीवर बसून तिसऱ्यांचं सुकं खाल्लं.
कुणी काय लिहिलं ते ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.
चपला घालताना म्हणाली,
"डिसेंबरात किती जण येतायत?"
तुला धरून बारा.
ती खाडीकडे बघत राहिली.
"बरं. धर."

त्या डिसेंबरात, भाट्याच्या सुरूंखाली, भाषणाच्या भरात
कुणीतरी मला दीपस्तंभ म्हणालं.
छे. दीपस्तंभ सांगतो, इकडे येऊ नका, खडक आहेत.
मी फार तर मिरकरवाड्याच्या धक्क्यावरचा खुंट.
दोर टाका, दोर सोडा, माझं काय जातंय.
खाच पडते थोडी,
तेवढीच.

पत्ते पेन्सिलीने लिहिते. माणसं हलतात.
रिबेलोची ओळ तर खोडून खोडून पातळ झालीय :
वास्को, मस्कत, वसई,
मुलाकडे, मुलीकडे, परत मुलाकडे.
उजेडात धरली तर मागच्या पानावरची
सुनंदा तांडेल वाचता येते.

कुणी गेलं की मात्र
त्याचा पत्ता शाईने गिरवते.
आता बदलायचा नाही.

जुवळे, रोल नंबर एकोणीस, शाई.
किती सकाळी त्याच्यासाठी आवाज जाड करून
मी "येस सर" म्हटलंय.
तो बापाबरोबर होडीवर असायचा,
अकराच्या तासाला यायचा, हातांना बांगड्याचा वास,
आणि पिपेट धरायचा अशी, जसं तिला लागेल.
सरांना सगळं कळायचं.
मुलीच्या आवाजातला जुवळे
ते निमूट हजर लावायचे.
हे त्याच्या मुलीला सांगितलं मी.
ती हसली, आणि मग
बराच वेळ चष्मा पुसत बसली.

गेल्या महिन्यात मेहरुन्निसा वही चाळत होती.
"तुझाच पत्ता नाही गो यात."
कशाला हवा? सगळ्यांना पाठ आहे.
तिने पर्समधून बॉलपेन काढलं
आणि माझ्या नावापुढे लिहून टाकला,
वळणदार, निळा, दोन ओळींत.
"तू कुठे जाणारेस?"

ती गेल्यावर मी ब्लेडने खरवडला.
कागद फाटला नाही, जरा केसाळला.
त्यावर पुन्हा लिहीत होते, घुडेवठार, टाकी
एवढ्यात फोन.
रिबेलो. परत मुलीकडे, या खेपेला पुण्याला,
तिसरा मजला, लिफ्ट नाही, घे लिहून.

थांब रे, म्हटलं,
टोक मोडलंय.