फट

तिसरी पाळी सुटली तेव्हा सातपूरवर धुकं होतं,
सायकलचा हँडल हातमोज्यातूनही चावत होता.
दारातच कांचन उभी. हातात माझा जुना टॉवेल,
टॉवेलात कवडी.

"मुंगूस," ती म्हणाली. एवढंच.

परसात पिसं. पांढरी, काळ्या ठिपक्यांची,
पपईच्या बुंध्यापासून मोरीपर्यंत
कुणी उशी फाडल्यासारखी.
बाकीच्या दोघी टाकीवर चढून बसलेल्या,
पंचनाम्याला कुणी साक्षीदार मिळू नये तशा गप्प.

लेथवर बावीस वर्षं झाली मला.
शाफ्ट दोन शतांशानं जाड निघाला
तर साहेबाच्या आधी मीच बाजूला टाकतो.
आणि खुराड्याच्या दाराखालची
ही दोन बोटांची फट
गणपतीपासून मला दिसत होती.
रविवारी बघू, म्हणालो होतो.
तेरा रविवार.

कांचननं पाणी कोमट केलं, मीठ टाकलं.
मी चष्मा लावला, मिशीच्या कात्रीनं
जखमेभोवतीची पिसं कापत गेलो.
पंखाच्या मुळाशी चार दात,
दोन उथळ, एक खोल,
आणि एका ठिकाणी कातडंच उलटलेलं,
आत सोललेल्या द्राक्षासारखं ओलं.
कवडी ओरडली नाही.
फार दुखलं की कोंबडी ओरडत नाही,
नुसती पापणी मिटते, खालून वर.

"हळद भरा," कुंपणावरून खैरनारमावशी.
"हळद भरा, मीठ आहेच, मसाला मी देतो,"
मागून त्यांचे मालक, आणि स्वतःच हसले.
कांचननं एकदा पाहिलं. ते आत गेले.

डॉक्टर निकुंभ म्हणाले, टाके नकोत,
दाताची घाण आत कोंडेल, पू होईल.
उघडीच राहू दे, रोज दोनदा धू,
माशी बसू देऊ नकोस,
आणि औषध चालू आहे तोवर
अंडं दिलंच तर खाऊ नका.
अंडं! ती मान उचलत नव्हती.

टीव्हीचं खोकं, त्यात भुसा,
वर साठ वॅटचा पिवळा बल्ब, अर्धी चादर.
त्या आठवड्यात निफाडला दव गोठलं म्हणे,
बागाईतदार पहाटे द्राक्षांना शेकोट्या पेटवत होते.
आमची शेकोटी एवढीच.
ड्रॉपरनं चोचीच्या कडेला थेंब सोडायचा,
गूळ-मिठाच्या पाण्याचा, आणि थांबायचं.
पहिल्या रात्री तो तसाच ओघळला.
दुसऱ्या रात्री घसा हलला.
मी पाळीवर नव्हतो. आजारी आहे, असं कळवलं होतं.
कोण, ते विचारलं नाही कुणी.

चौथ्या दिवशी तिला परसात ठेवलं,
तर त्याच दोघी धावत आल्या
आणि लाल दिसेल तिथे टोचू लागल्या.
मुंगसानं सोडलं ते मैत्रिणी पुरं करणार.
मग मधे जाळी घातली. बघा, बोला, पण लांबून.

अंबडच्या भंगारातून अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणली,
फूटभर जमिनीत पुरली, टोक बाहेर वाकवलं,
उंबऱ्याला तीन एमएमची पट्टी.
व्हर्नियरनं मापलं. कांचन हसली नाही,
"आता मापतोय," म्हणाली.

त्याच संध्याकाळी तो आला.
लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालायचो,
तोंड दाखव म्हणून, दिसला की दिवस चांगला.
आता शपथेशिवायच थांबला, नाल्याच्या पाइपावर,
बारीक, भुरकट, एक कान फाटलेला.
मागे अजून दोन, त्याच्या अर्ध्याएवढी.
ती होती तर.
माझ्या हातात पान्हा होता. हातातच राहिला.

कवडीची पिसं आलीत, जागा मात्र वाकडी भरली.
परवा अंडं दिलं, कवच मऊ,
बोट लावलं तर दबणारं.
खुराड्यात अजून जात नाही.
टाकीवर बसते, एक डोळा नाल्याकडे.

पाळीला निघताना मी गुडघ्यावर बसतो
आणि पट्टीखाली करंगळी घालून बघतो.
जात नाही.
ती वरून बघत असते,
मी काय करतोय ते.