आठ डॉलरची मूठ

थंडर बेमध्ये त्या वर्षी व्याज अठरा टक्के होतं.
पाचशे सत्त्याऐंशीच्या हप्त्यातले
मुद्दलाला लागायचे आठ.
आईने बँकेचा तक्ता दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग दाराकडे बोट दाखवून म्हणाली,
या महिन्यात आपण मूठ घेतली. दार अजून त्यांचंच.

मी सात वर्षांचा. मला ते शब्दशः खरं वाटलं.
शाळेतून आलो की हातमोजा काढून
आमच्या मालकीचं पितळ धरून उभा राहायचो,
आतून कुणी ओरडेपर्यंत.

पुढच्या महिन्यात पायपुसणं. त्याच्या पुढच्या
स्वयंपाकघरातला दिवा, बल्ब सोडून.
या चालीने छपरापर्यंत पोचू तेव्हा, बाबा म्हणाले,
माझे दात ग्लासात असतील.

जादा पैसे बँक घ्यायची वर्षातून एकदाच,
चौदा मार्चला.
म्हणून उरलेलं वर्षभर आमचं घर
पाय पोटाशी घेऊन झोपलं.
गाडी विकली. बाबा कागदाच्या गिरणीत चालत जायचे,
भुवयांवर बर्फ घेऊन परत यायचे.
पावडरच्या दुधाला साय धरत नाही,
हे मला चमच्याने शोधून शोधून कळलं.
लेप्पानेनच्या थोरल्याचे जुने स्केट मला आले,
दोन नंबर मोठे,
टोकात कोंबलेलं वर्तमानपत्र,
तेही बाबांच्याच गिरणीचं, बाबा अभिमानाने सांगायचे.
केस आई कापायची. सरळ रेघ तिला कधी जमली नाही;
शाळेच्या प्रत्येक फोटोत मी किंचित घसरतोय.

कॉफीला मात्र कात्री लागली नाही.
कॉफीचा विषय निघाला की दोघंही
फिनिश बोलायला लागायची.

आणि वहीत दर शनिवारी, अगदी तळाशी,
किरकोळ: पन्नास सेंट.
मी विचारलं, सिर्काने विचारलं,
एकदा बाबांनीही भीत भीत विचारलं.
आई पान उलटायची.

चौदा मार्चच्या संध्याकाळी बाबा टाय न सोडताच
आम्हाला घरभर फिरवायचे.
हे कपाट आपलं. जिना आपला, सातव्या पायरीपर्यंत.
आठवीवर मी उडी मारून जायचो,
बँकेच्या लाकडावर उगाच पाय कशाला.

माझी खोली कधी घेणार, सिर्का विचारायची.
तिचा फोन बंद केला तेव्हापासून ती सगळंच
दारात उभी राहून विचारायची.
सगळ्यात शेवटी, आई म्हणायची,
खोली कुठे पळून चाललीय?

खोली नाही पळाली.
चौथ्या वर्षी सिर्का विनिपेगला गेली, नर्सिंगला,
आणि आईने त्याच दुपारी
तिच्या खोलीची गरम हवेची जाळी बंद केली.
महिन्याला सहा डॉलर वाचले. वहीत आहे.

नवव्या मार्चला ती खोली आमची झाली.
बँकेचा कागद बाबांनी ब्रेडच्या डब्यावर टेकवून ठेवला
आणि जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसले.
ईस्टरला सिर्का आली. आईने जाळी उघडली,
पाच वर्षांची धूळ जळाल्याचा वास
सगळ्या घरात भरला.
सिर्का उंबऱ्यावर थांबली. म्हणाली, आत येऊ?
गंमत करत होती की नाही, मला अजून ठरवता येत नाही.
त्या रात्री ती कोट घालूनच झोपली. खोली चांगली उबदार होती.

सकाळी मी हिशेब मांडला:
नऊ वर्षं, आठवड्याला पन्नास सेंट,
दोनशे चौतीस डॉलर.
एक आख्खी खिडकी, आई! कुठे गेली?

तिने कपबशी खाली ठेवली, उजवा हात माझ्यापुढे धरला,
मूठ मिटलेली.
घर बँकेचं होतं, म्हणाली, पगार घराचा.
एवढं माझं होतं. झाकलेलं राहू दे.

मग वही ओढली. नवं पान, नवी तारीख.
बाबांच्या नावापुढे बूट लिहिले. माझ्यापुढे न्हावी.
आणि तळाशी, जरा थांबून,
किरकोळ: एक डॉलर.