घर बघताना

पर्वरीत लिफ्ट होती, चोवीस तास पाणी,
आणि शेजारी कोण राहतं
हे वॉचमनलाही ठाऊक नव्हतं.
शिवोलीचं घर देखणं,
पण एजंट म्हणाला,
"डिसेंबरात खाली करावं लागेल, काका."

चोडणला फेरीबोटीतून उतरलो.
एस्पेरान्साबाईंनी भाडं सांगितलंच नाही,
आधी विचारलं, "पाव कितले जाय?"
एकटाच आहे, म्हटलं. दोन.
त्यांनी कुंपणाचा खांब दाखवला.
"पिशवी हांगा अडकव.
पोदेर पहाटे येतो.
नऊनंतरही भरलेली दिसली
तर मी दार वाजवीन."

नळाला पाणी दिवसाआड,
नेटवर्क फक्त चिंचेखाली.

तिथूनच सोलापूरला अक्काला फोन लावला:
पत्ता लिहून घे.
घराला नंबर नाही.
कुंपणावर कापडी पिशवी असेल,
तेच.